इंजिन गेलं म्हणे! पण मोजलं कुणी?



आजचा लेख एका जुन्या पिकअप गाडीवर आहे. चळवळीच्या लिखाणात पिस्टन आणि व्हॉल्व्ह कुठून आले, असे काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

ही गाडी आमच्या गटाची आहे. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, मागे लोखंडी हौदा, वर ताडपत्री. सेकंड हँड घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. १४ एप्रिलला ती मिरवणुकीत असते, १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर, ६ डिसेंबरला दादरला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला. हौद्यात पुस्तके असतात. खंड, चरित्रे, छोट्या पुस्तिका, मुलांसाठी चित्रांची पुस्तके. गाडी कुणा एकाच्या मालकीची नाही. वर्गणी काढून घेतली, वर्गणीवरच चालते. तिच्या डिझेलमध्ये घरकाम करणाऱ्या मावशींचे पन्नास रुपयेही आहेत, म्हणून तिच्यावरच्या प्रत्येक खर्चाचा हिशेब आम्हाला बैठकीत द्यावा लागतो.

यावेळी दादरहून परत येताना, ७ डिसेंबरला, कसारा घाटात गाडीने मान टाकली. रिकामा हौदा घेऊनही ती दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. पिकअपला पिकअपच उरला नव्हता. तसे आधीचे दोन महिने ती सांगतच होती. सकाळी सेल्फ मारला की बराच वेळ नुसती घरघर. मग चालू झालीच तर सगळे अंग थरथरत, एक पाय लंगडत असल्यासारखी. मागून पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास. गरम झाली की धूर कमी व्हायचा, म्हणून आम्ही दुर्लक्ष करत होतो.

मनमाडला पोहोचल्यावर एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडले. आतून वाफ येत होती. त्यांनी हात पुसले आणि निकाल दिला, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय. इंजिन गेलं. पूर्ण बांधावं लागेल." खर्च विचारला तर ८५,००० रुपये, आणि खोलल्यावर आणखी काही निघाले तर ते वेगळे.

त्या रात्रीच्या बैठकीत जे झाले ते प्रामाणिकपणे सांगतो. एकाने सुचवले, भंगारात काढा. दुसऱ्याने सुचवले, कर्ज काढून इंजिन बांधा, १ जानेवारी तोंडावर आहे. एकाने अर्धवट चेष्टेत म्हटले की घाटात लिंबू-मिरची लावायला हवी होती. त्यावर सगळे हसले. पण आमचे हसणेही तपासण्यासारखे होते. लिंबू-मिरचीवर आमचा विश्वास नाही, हे ठीक. मग झाकण उघडून वाफ बघून दिलेल्या निकालावर तो तासाभरात कसा बसला? सांगणारा जाणकार आहे, वयाने मोठा आहे, सगळे तसेच सांगतात, एवढ्यावर आम्ही ८५,००० रुपये ठरवायला निघालो होतो. बुद्धांनी कालामांना नेमके याच कारणांवरून काही मान्य करू नका असे सांगितले होते. परंपरेने आले म्हणून नको, ऐकीव आहे म्हणून नको, सांगणारा गुरू आहे म्हणून नको. हे सुत्त आम्ही शिबिरात शिकवतो.

बैठकीत मागे बसलेली आमची एक कार्यकर्ती बोलली, "दादा, कॉम्प्रेशन गेलं म्हणता. पण मोजलं कुणी?"

ती आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा कोर्स पास झालेली आहे. आमच्या गटात तीन वर्षे आहे. आणि या तीन वर्षांत आम्ही तिला काय काम दिले होते? पुस्तकांची टेबल मांडणे, पावत्या फाडणे, पाहुण्यांना चहा. बॉनेट उघडले की आम्ही पोरे भोवती जमायचो आणि ती मागे उभी राहायची. याविषयी पुढे बोलू. आधी गाडी.

कॉम्प्रेशन म्हणजे काय?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पेटवणारा प्लग असतो. डिझेलमध्ये तो नसतो. रुडॉल्फ डिझेलने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे इंजिन उभे केले त्याचे मूळ तत्त्व हेच आहे, की हवा इतकी दाबायची की ती दाबण्यानेच तापली पाहिजे. आमच्यासारख्या जुन्या डिझेल इंजिनात पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या साधारण विसाव्या भागात कोंबतो. हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा पडतो आणि आपोआप पेटतो. हीटर प्लग असतो तो फक्त थंडीत सुरुवातीला मदत करायला.

म्हणजे दाब हीच डिझेलची आग. दाब गळला की हवा पुरेशी तापत नाही, फवारा पेटत नाही आणि न जळलेले डिझेल पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर जाते. इंजिन गरम झाले की थोडी उष्णता भिंतींतून मिळते, म्हणून धूर कमी होतो. आमची गाडी दोन महिने हेच सांगत होती.

पण दाब गळायला वाटा अनेक आहेत, आणि प्रत्येक वाटेचा खर्च वेगळा. पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर झिजले तर हवा खाली चेंबरमध्ये जाते, आणि तेव्हा खरेच इंजिन बांधावे लागते. इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर हवा एअर फिल्टरच्या वाटेने परत जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नसेल तर सायलेन्सरच्या वाटेने. हेड गॅस्केट फाटले असेल तर शेजारच्या सिलिंडरमध्ये, नाहीतर पाण्यात. आणि पुष्कळदा गळतीच नसते. हीटर प्लग मेलेले असतात, डिझेल लाइनमध्ये हवा शिरलेली असते, फिल्टर चोक असतो किंवा नोझल फवारा न करता थेंब गाळत असते. लक्षणे मात्र सारखीच दिसतात. म्हणून लक्षण बघून निकाल देता येत नाही.

झाकणाखालची वाफ हेही एक लक्षणच. जुन्या इंजिनात थोडी वाफ असतेच. झाकण उलटे ठेवले आणि ते जागच्या जागी थरथरले तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. उडून पडले तर संशय घ्यावा. पण तोही संशयच. पुरावा आकड्यांत असतो.

पहिली मोजणी, आणि आमचे चुकीचे निकालपत्र

ओळखीतून डिझेलचा कॉम्प्रेशन गेज मिळाला. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, डिझेलच्या दाबाला तो पुरत नाही. उत्साह एवढा होता की आम्ही दोघे-तिघे पहाटेच कामाला लागलो. ती नोकरीवर गेलेली होती, तिची वाट बघायची गरज वाटली नाही. हीटर प्लग एकेक करून काढले, त्या भोकात गेज बसवला, सेल्फ मारला. आकडे पीएसआयमध्ये असे आले:

पहिला २५०, दुसरा २४५, तिसरा १६५, चौथा २४०.

आमच्या इंजिनाच्या पुस्तकात किमान मर्यादा ३०० लिहिलेली. म्हणजे चारही नापास. आम्ही मान खाली घातली. मिस्त्री बरोबर होते, इंजिन गेले.

संध्याकाळी ती आली, कागद बघितला आणि तिने चार प्रश्न विचारले. बॅटरी चार्ज होती का? इंजिन गरम होतं का? चारही प्लग एकदम काढले होते की एकेक? एअर फिल्टर शेवटचा कधी साफ केला?

चारही उत्तरे आमच्या विरुद्ध होती. घाटापासून सेल्फ मारून मारून बॅटरी उतरलेली होती. इंजिन डिसेंबरच्या पहाटेचे गारठलेले. एकेकच प्लग काढल्याने उरलेल्या तीन सिलिंडरचे ओझे सेल्फवर होतेच. एअर फिल्टर तर धुळीने लिंपलेला. इंजिन पुरेशा वेगाने फिरलेच नाही आणि हवा आत पुरेशी आलीच नाही. तर मग दाब कुठून येणार?

आम्ही सिलिंडर मोजलेच नव्हते. आम्ही उतरलेली बॅटरी मोजली होती, आणि तिचे अपयश चार सिलिंडरच्या नावावर लिहिले होते.

मित्रांनो, इथे आम्ही गप्प झालो, कारण हा प्रकार आमच्या ओळखीचा होता. 'मेरिट'च्या नावाने आपल्या मुलांचे असेच मोजमाप होते. घरात अभ्यासाला कोपरा नाही, शाळेत शिक्षक नाही, क्लासला पैसे नाहीत, वर्गात आडनाव विचारले जाते. या सगळ्यातून आलेला आकडा कट-ऑफला लावतात आणि म्हणतात, क्षमताच कमी. आम्ही यावर लेख लिहितो, भाषणे देतो. आणि गेज आमच्या हातात आला तेव्हा आम्हीही कट-ऑफची रेघ बघितली आणि चौघांना नापास केले.

दुसरी मोजणी

रविवारी तिने काम हातात घेतले. आम्ही पाने देणारे.

आधी हीटर प्लग टेस्ट लॅम्पने तपासले. चारही जिवंत होते. डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली. फरक नाही. मग इंजिन आयडलवर चालू ठेवून तिने एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला केला, म्हणजे त्या सिलिंडरचे डिझेल तोडले. पहिला, दुसरा, चौथा तोडला की इंजिनाचा आवाज लगेच पडायचा. तिसरा तोडला तर काहीच फरक नाही. जो आधीच काम करत नाही त्याला तोडून काय बदलणार? हा प्रयोग फक्त जुन्या पद्धतीच्या पंपावर, जाड हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचा. कॉमन रेल इंजिनावर कधीच नाही. त्यातला दाब कातडी फोडून डिझेल शरीरात घालतो.

मग मोजणी. बॅटरी रात्रभर चार्ज केलेली. इंजिन चालवून गरम केलेले. चारही हीटर प्लग एकदम बाहेर. एअर फिल्टर काढून ठेवलेला. पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढलेली, म्हणजे डिझेल येणार नाही. प्रत्येक सिलिंडरला सेल्फ सारखाच वेळ, काटा वर जायचा थांबेपर्यंत. आकडे:

पहिला ३९०, दुसरा ३८५, तिसरा २५५, चौथा ३८०.

तीन सिलिंडर ठणठणीत होते. जे इंजिन 'गेलं' होतं, त्याचे तीन चतुर्थांश शाबूत होते.

मग तिने पहिला कागद शेजारी ठेवला. दोन्ही कागदांवर तिसऱ्याचा आकडा शेजाऱ्यांच्या साधारण दोन तृतीयांश होता. म्हणजे दोष कुठे आहे हे आमच्या चुकीच्या मोजणीतही दिसत होते. आम्ही फक्त मर्यादेची रेघ बघत होतो, आपसातला फरक बघितलाच नव्हता. कॉम्प्रेशनमध्ये एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. चारही सारखेच खाली असतील तर आधी बॅटरी, फिल्टर, टायमिंग बघा, मगच झीज म्हणा. शेजारचे दोन खाली असतील तर मधले गॅस्केट बघा. एकच खाली असेल तर त्याच्याच रिंगा किंवा त्याचेच व्हॉल्व्ह.

रिंगा की व्हॉल्व्ह, यासाठी जुना सोपा उपाय आहे. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि पुन्हा मोजले. ऑइल रिंगांभोवती बसून फट बुजवते, त्यामुळे दोष रिंगांचा असेल तर दाब एकदम चढतो. आमचा २५५ वरून २६५ झाला, एवढेच. म्हणजे रिंगा नव्हेत. (डिझेलमध्ये ऑइल चमचाभरच घाला. वर जागा फार थोडी असते. जास्त ऑइल पडले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.)

शेवटची तपासणी हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात झाली. "चाचा, दहा मिनिटं कॉम्प्रेसर द्या," असे ती म्हणाली आणि चाचांनी पाइप तर दिलाच, स्वतःही खाली वाकून बघत बसले. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, फॅनपासून हात लांब. हीटर प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणात सुळसुळ आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. एअर फिल्टरच्या नळीत आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह.

चाचांनीच आधी ओळखले. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून म्हणाले, "इथून येतीय हवा."

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

दोष कुणाचा?

व्हॉल्व्ह कव्हर उघडले. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात एक बारीक फट ठेवावी लागते, कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट नसेल तर तो पूर्ण बंदच होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकूनच बाहेर टाकतो. टेकायलाच मिळाले नाही तर तो जळतो. तिसऱ्याच्या एक्झॉस्टवर फिलर गेजचे सगळ्यात पातळ पानही शिरेना. खरे तर ही तपासणी सगळ्यात आधी करायला हवी होती, कारण तिला पैसे लागत नाहीत. हे तिने स्वतःहून कबूल केले.

टॅपेट एवढा आवळला कुणी? हे आठवायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी इंजिन टिकटिक करत होते. आम्हीच एका फिटरला म्हटले होते, "तो आवाज बंद करून द्या, लोकांसमोर बरं दिसत नाही." त्याने बंद करून दिला. गाडी शांत झाली, आम्ही खूश झालो. पुढे व्हॉल्व्ह सीटमध्ये आणखी बसत गेला आणि उरलीसुरली फटही संपली. ढिला टॅपेट आवाज करतो, म्हणून लक्षात येतो. आवळलेला टॅपेट गप्प असतो आणि गप्पपणे व्हॉल्व्ह जाळतो.

म्हणजे तिसरा सिलिंडर मुळात कमजोर नव्हता. चारही बोअर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले, एकाच धातूचे. त्याचा व्हॉल्व्ह कायम थोडा उघडा राहील अशी व्यवस्था बाहेरून केलेली होती, आणि ती आम्ही केलेली होती.

टॅपेट पुस्तकाप्रमाणे लावला तेव्हा दाब ३२० पर्यंत चढला, पण सायलेन्सरमधला आवाज पूर्ण गेला नाही. म्हणून हेड उतरवले. व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून खाल्लेली होती. तो व्हॉल्व्ह नवा घातला, लेथवाल्याकडून सीट कापून घेतली, आठही व्हॉल्व्ह लॅपिंग केले, हेड सपाट आहे का ते तपासले, नवे गॅस्केट टाकले. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळले. सुटे भाग, लेथ, ऑइल, कूलंट, सगळे मिळून १७,६०० रुपये. शेवटची मोजणी ३९०, ३९०, ३८०, ३८५.

मिस्त्रींनी आम्हाला फसवले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्याकडे दिवसाला दहा गाड्या येतात, मोजायला वेळ नसतो, आणि पूर्ण इंजिन बांधले की दोषही त्यात निघून जातोच. पण ८५,००० आणि १७,६०० यातला फरक मोजमापाचा आहे, आणि तो फरक मावशींच्या पन्नास-पन्नास रुपयांतून भरला जाणार होता.

पाना कुणाच्या हातात?

आता राहिलेली गोष्ट. ती तीन वर्षे मागे का उभी होती?

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. शटलमधला दोरा तोंडाने ओढावा लागायचा आणि अस्पृश्याच्या तोंडाचा दोरा सवर्ण कामगाराला चालत नसे. जास्त मजुरीचे खाते नेमके तेच. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत आमच्याच मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथे सांगितले, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात रेल्वेत आपला माणूस खालच्या कामातच कसा अडकून राहतो, वरच्या जागा त्याला कशा मिळत नाहीत, याचीही मांडणी होती. ती आपण कमी वाचतो. आणि १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जातीला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले. कुठल्या हाताने कुठले अवजार धरायचे, हे जन्मावर ठरवायचे.

या इतिहासाचे वारस म्हणवणाऱ्या आम्ही एका शिकलेल्या डिझेल मेकॅनिकला चहाच्या ट्रेपाशी उभे केले, कारण ती मुलगी आहे. कुणी ठरवून केले नाही. ठरवून करावे लागत नाही, हेच तर त्याचे वैशिष्ट्य. तिने आधी दोनदा सांगितले होते की टॅपेट एकदा बघून घेऊ या. आमच्यातल्याच एकाने तेव्हा म्हटले होते, "ताई, ते आम्ही बघतो." हे तिने त्या बैठकीत काढले नाही. नंतर आम्हालाच आठवले. आवाज बंद करून घेण्याची सवय आम्हाला फक्त इंजिनापुरती नव्हती.

माणसे म्हणजे सिलिंडर नव्हेत आणि समाज म्हणजे इंजिन नव्हे. हे रूपक ताणले तर तुटेल. पण तपासण्याची पद्धत दोन्हीकडे एकच लागते. आपल्याकडे 'चिकित्सा' हा शब्द फार वापरला जातो. धर्मचिकित्सा, इतिहासचिकित्सा, साहित्यचिकित्सा. सगळी चिकित्सा दुसऱ्याची, आणि बरीचशी शब्दांची. चिकित्सेला गेज लागतो, सारख्या अटी लागतात, कागदावर लिहिलेले आकडे लागतात, आणि आपलाच निकाल चुकला तर तो फाडून पुन्हा मोजण्याची तयारी लागते. धम्माला एहिपस्सिको म्हटले आहे, या आणि स्वतः पाहा. पाहायला वाकावे लागते, हात काळे करावे लागतात.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. गाडीची देखभाल आता तिच्याकडे आहे आणि तिच्या हाताखाली दोन मुले, दोन मुली शिकत आहेत. दोन्ही मोजण्यांचे कागद, चुकीचाही, गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आहेत. आणि गटातल्या कुठल्याही कामाचा निकाल, शाखा बंद पडली, पोरे बिघडली, लोक वाचत नाहीत, असा कुणी दिला की पहिला प्रश्न ठरलेला आहे, मोजलं कुणी? आणि बॅटरी चार्ज होती का?

तुमच्या गावात आयटीआय असेल तर तिथल्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघा, आपली किती पोरे-पोरी तिथे शिकत आहेत आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांच्या हातात काय दिले जाते आहे. आपल्या संघटनांमध्येही बघा. वकील, प्राध्यापक, कवी यांना आपण व्यासपीठावर बसवतो. फिटर, वेल्डर, वायरमन यांना मंडपाच्या मागे.

१ जानेवारीला पहाटे गाडी पुस्तके भरून भीमा कोरेगावला निघाली. थंडी कडाक्याची होती. पहिल्याच सेल्फला चालू झाली, धूर नाही. थोडी टिकटिक आहे. ती आम्ही राहू दिली आहे.

जयभीम!